बापलेकीचं लायसन्स

तळोज्याच्या कारखान्यातली माझी नोकरी संपली तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. सगळं आयुष्य शिफ्टमध्ये गेलेलं. मुलगी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायची. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मी ड्रोनचं लायसन्स काढतेय. तूही चल. दहावी पास हवं आणि वय पासष्टच्या आत. तू बसतोस."

मी हसण्यावारी नेलं, पण त्या रात्री झोप लागली नाही.

फीचा आकडा ऐकून बायकोने लाटणं खाली ठेवलं. "दोघांची? अहो, एकाने शिकावं आणि दुसऱ्याला घरी शिकवावं!"

"आई, जो धंद्यासाठी उडवणार, त्याच्या स्वतःच्या नावावर प्रमाणपत्र लागतं," मुलगी म्हणाली.

"मग बाइक विका."

मला वाटलं चिडून बोलली. पण दुसऱ्या दिवशी तिनेच गिऱ्हाईक आणलं.

विमानतळ शेजारी आल्यामुळे सरकारी नकाशावर आमचं अर्धं पनवेल लाल. तिथे परवानगीशिवाय काही उडवायचं नाही. म्हणून ट्रेनिंगला आम्ही घाट चढून पुण्याच्या बाजूला गेलो. वर्गात हवाई नियम, वारा, बॅटरी असं सगळं शिकवलं. मग कॉम्प्युटरवर सराव. तिथे मी इतकी ड्रोन झाडांवर आपटली की मागच्या बाकावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली.

पण मैदानावर खरं ड्रोन जमिनीवरून सुटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. रिमोटवरच्या माझ्या अंगठ्यांवर ते तरंगत होतं!

परीक्षेत हवेत आठचा आकडा काढायचा होता. ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. "काका, बोटं सैल सोडा," सर म्हणाले. मी पहिल्याच फेरीत पास झालो. मुलीचं ड्रोन मात्र उतरताना वर्तुळाबाहेर गेलं. ती रडवेली झाली. दुपारी तिला पुन्हा संधी मिळाली, तेव्हा मी मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या अर्धी बाटली पाणी संपवलं. तिने ड्रोन उतरवलं ते बरोब्बर मधोमध. आम्ही दोघं ओरडलोच.

पहिलं काम तळोज्यातच मिळालं, एका कारखान्याच्या उंच टाक्यांची वरून पाहणी. हवाई हद्दीची परवानगी हातात पडेपर्यंत मुलीने दिवसातून कितीदा मोबाइल पाहिला, देव जाणे. मी उडवणार, ती कॅमेरा सांभाळणार असं ठरलं.

ड्रोन वर गेलं. नोकरीत असताना अशा टाक्यांवर मी पट्टा बांधून, शिडीला घट्ट धरून चढायचो. खाली बघायची हिंमत नसायची. आता स्क्रीनवर टाकीचं अख्खं झाकण दिसत होतं, आणि पलीकडे धुरकट उन्हात खाडीची चकाकती रेघ.

"बाबा, जरा डावीकडे घे. गंज दिसतोय."

मी घेतलं. बोटं सैल सोडून, अलगद.