रेघेपुढची मोकळी जागा

दोब्रिंका कानेवाबाईंनी गाब्रोवो शहरातल्या शाळेत चौतीस वर्षं पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवलं आणि निवृत्तीनंतर त्या एका यंत्राला वाचायला शिकवू लागल्या. मुलं बरी होती. अडली की निदान पेन्सिल चावायची. यंत्र इंटरनेटवर दिसेल ते वाचायचं, त्यातून रोज हजारो तथ्यं काढायचं आणि कधीच अडायचं नाही. काकडी-दह्याचं थंडगार तारातोर त्याने एकदा नदी म्हणून नोंदवलं होतं. बाईंनी प्रत्येक ओळीपुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ दाबायचं, एवढंच काम.

एक ओळ तिघांकडे जायची. बाकी दोघांहून वेगळं दाबणाऱ्याच्या नावावर लाल खूण पडायची. महिन्यात तीन खुणा झाल्या की घरी. बाईंच्या दोन झाल्या होत्या, आणि नुसत्या पेन्शनीत हिवाळ्याच्या लाकडांचा खर्च भागत नव्हता.

मंगळवारी सकाळी पडद्यावर आलं: ‘दोब्रिंका कानेवा, शिक्षिका. मृत्यू २०११.’ यंत्राला सत्त्याण्णव टक्के खात्री होती.

बाईंनी मूळ मजकूर उघडला. कुणा हौशी माणसाने स्मशानातल्या दगडांवरची अक्षरं उतरवून ठेवली होती. २०११ साली त्यांचा नवरा मिन्को गेला, तेव्हा त्याच्या दगडावर रिवाजाप्रमाणे बाईंचंही नाव कोरून घेतलं होतं. जन्मसाल, पुढे रेघ, रेघेपुढे मोकळी जागा. यंत्राने तिथे नवऱ्याचं साल बसवलं होतं.

“स्विलेन, इकडे ये. मी मेलेय म्हणतंय तुझं यंत्र.”

विभागप्रमुख स्विलेन एके काळी त्यांच्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायचा. त्याने वाकून पाहिलं. “बाई, बाकीच्या दोघींनी ‘बरोबर’ दाबलंय.”

“त्यातली एक ही झ्लातिना. आत्ता माझ्याच डब्यातली बानित्सा खातेय.”

झ्लातिनाने घाईघाईने घास गिळला. “मी नावं कुठे वाचते, मावशी? नुसती दाबत जाते.”

“ते दिसतंच आहे.”

“नियम आहे, बाई,” स्विलेन म्हणाला. “आपल्याला काय ठाऊक आहे ते बघायचं नाही. मजकुरात काय आहे ते बघायचं.”

“मग बघ. रेघेपुढे काय आहे?”

“काही नाही.”

“मग तेच वाच ना! पहिलीतलं पोरही मोकळ्या जागेत शेजाऱ्याचं उत्तर घुसडत नाही. तू मात्र घुसडायचास.”

स्विलेनचे कान लाल झाले. “‘बरोबर’ दाबा, बाई. तिसरी खूण पडली तर माझ्या हातात काही नाही.”

“कधी होतं?” म्हणत बाईंनी ‘चूक’ दाबलं.

ओळ दोन विरुद्ध एक अशी पक्की झाली. दुपारी स्विलेन नोकरी संपल्याचा कागद घेऊन आला.

“इथे सही करा.”

“मेलेल्या बाईची चालते का रे तुमच्याकडे?”

त्याने पेन पुढे केलं. बाईंनी फळ्यावरच्यासारख्या गोल, सुट्या अक्षरांत नाव लिहिलं. तारखेच्या जागी एक रेघ ओढली आणि पेनाला टोपण लावलं.

“पुढचं तुझं यंत्र भरेल.”