सहावा पाईप

गणूला एका जागी बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. आमच्याकडे आला तरी एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठी त्याचं गाव. गाव आता नावाला. भावकीच्या खाचरांवर इमारती उभ्या आहेत. गणू मात्र पाण्यातच राहिला. जवानीत बांबूला धरून तळाशी डुबी मारायची आणि बादलीभर रेती वर आणायची, हे त्याचं काम. ते बंद झाल्यावर थोडी मासळी, आणि गणपतीत लोकांच्या मूर्ती खोल पाण्यात नेणं. आमचा गणपती अठ्ठावीस वर्षं त्याच्याच हातून जातो. त्याची मुलगी समृद्धी माझ्या वर्गात होती, म्हणून तो मला बाई म्हणतो.

घाटासमोर खाडीत लोखंडाचे जाड पाईप होते. चाळीसेक वर्षांपूर्वी एक कंपनी तेल सापडतंय का बघायला आली होती. पाईपांवर मचाण बांधून त्यांनी बोअर मारले. तेल काही मिळालं नाही. मचाण उचलून नेलं, पाईप तसेच ठेवले. ते गंजले, वरून तुटले, धारदार झाले. गेल्या गणपतीत भिवाची पोटरी पाण्याखाली कशाने तरी फाटली. भिवा हा गणूचा लहानपणापासूनचा जोडीदार. बावीस टाके पडले, अजून लंगडतो. मूर्ती मात्र त्याने हातातून सुटू दिली नाही. त्यानंतर घाट दोर लावून बंद झाला, आणि पाईप काढायचा हुकूम निघाला.

मे महिन्यात ठेकेदाराचा बार्ज आला. क्रेन, गॅस कटर, सगळं. चार दिवसांत पाच पाईप काठावर आडवे पडले. साकेत नावाचे तरुण इंजिनिअर देखरेखीला होते. त्यांनी कागद तयार केला आणि जागा दाखवणारा माणूस म्हणून गणूची सही मागितली. गणू कागद घेऊन थेट माझ्या दारात. मी वाचून दाखवलं. पाच पाईप काढले, किनारा निर्धोक आहे, असं त्यात होतं.

"निर्धोक म्हंजे?"

"धोका नाही असा."

तो कागद माझ्याच हातात ठेवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी घाटावर बोलणं झालं. गणू म्हणाला की अजून एक आहे. साकेतनी कंपनीचा जुना नकाशा दाखवला, त्यावर पाचच खुणा होत्या. शिवाय काल ओहोटीला दुपारी दोन वाजता ते स्वतः होडीतून फिरून आले होते. सहावा आहे हे तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं. बाजूला भिवा उभा होता. गणूने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि "हाय, मना ठावं हाय," एवढंच म्हणाला. साकेत तरी काय करणार?

त्या दिवसापासून गणूला ना जेवण, ना झोप. दर ओहोटीला बांबू घेऊन चिखलात. त्याची बायको तुळसा माझ्याकडे येऊन सांगायची की घरात असला तरी येरझारा घालतो, ताटावरून उठतो. त्याच्या तोंडावर तर ती म्हणायची, "जल्ला तो पाईप, त्याच्याशीच लगीन लावाचा होता." गावातली पोरंटोरंही बोलायला लागली. सही झाली नाही तर यंदाही घाट बंद, मग गणपती कुठे न्यायचे? सगळ्यात जास्त भिवाच बोलला. पाय माझा गेला, याचं काय जातंय, कर म्हणावं सही.

शेवटी मीच त्याला विचारलं. तेव्हा तो पायरीवर टेकला आणि सांगायला लागला. मचाणाला सहा पाय होते. कंपनीच्या मजुरांत विशीतला गणू होता. सामान नेताना त्यांनी एक पाईप उपटायला घेतला, तो मध्येच तुटला. दोर गणूच्याच हातात होता. मुकादमाने सांगितलं, राहू दे, हा आपण काढला असं धरू. गणूने मान डोलावली आणि मजुरी घेतली. नकाशावर पाचच राहिले. तेव्हा राहिलेला तुकडा तळाखाली खोल होता. पुढे रेती उपसून उपसून तळ खाली गेला आणि पाईप उघडा पडला. भिवाला लागलं ती जागा त्याने लगेच ओळखली होती.

"मंग गप का ऱ्हायलो, ता नका इचारू," तो म्हणाला.

मी विचारलं नाही. देवापुढे दिवा लावून पंचांग काढलं. साकेत होडीतून फिरले ती अष्टमी होती. खाडीकाठच्या माणसाला सांगायला नको, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतंही. अष्टमीला भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. आमच्या खाडीत भांगाची ओहोटी भर दुपारी येते आणि उधाणाची सकाळी साडेसातला. म्हणजे ऑफिसच्या वेळेत बसते ती नेमकी कामाला न येणारी ओहोटी. मी साकेतना फोन करून एवढंच सांगितलं, की अमावास्येला, रविवारी, सकाळी सातला या. अमावास्येला का, असं त्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. त्यांनी तारीख परत विचारून घेतली. मग म्हणाले, बार्ज बुधवारपर्यंतच आहे. त्यानंतर पाऊस, नदीचं पाणी आलं की दिवाळीपर्यंत काही करता येणार नाही.

रविवारी ते पावणेआठला आले. पाणी खूप मागे गेलं होतं. तरी दिसत काहीच नव्हतं, नुसता चिखल आणि पुढे गढूळ पाणी. गणू केव्हाचाच कमरेइतक्या पाण्यात होता. आडवा चालत होता, खेकड्यासारखा, एकेक पाऊल चाचपून. तुळसा, मी, भिवा काठावर. अर्धा तास गेला. पाणी परत चढायला लागलं. साकेत मोबाइल बघत होते. माझ्या तोंडात नामस्मरण चालू होतं, पण लक्ष लागेना.

मग गणू थांबला.

"सायेब, तुमीच या."

साकेतनी बूट काढले, पँट दुमडली, मग पँटचा विचार सोडून सरळ पाण्यात शिरले. गणूने त्यांचा हात धरून पाण्याखाली नेला. त्यांनी हात झटकन मागे घेतला, आणि पुन्हा घातला. मग पाईपाला खूण बांधायला स्वतःच गणूकडून दोर मागून घेतला.

काठावर आल्यावर त्यांनी तोच प्रश्न परत विचारला, या वेळी जरा हळू. काका, तुम्हाला हे माहीत कसं होतं? गणूने उत्तर दिलं, पण भिवाकडे बघून. मुकादम, तुटलेला पाईप, मजुरी, सगळं. तुझा पाय फाटला तवाच मना कललं, असंही.

भिवा ऐकत राहिला. "साल व्हत आला गणू. साल व्हत आला, मी तुज्या बाजूला बसून चा पितंय," तो म्हणाला आणि लंगडत वर निघून गेला. गणू त्याच्या मागे चार पावलं गेला, थांबला.

मंगळवारी पाईप निघाला, चिखलाच्या खाली पुरुषभर खोल कापून. नवा कागद आला. किनारा निर्धोक आहे, हे वाक्य तसंच होतं. गणूने ते खोडायला लावलं. मी त्याच्या सांगण्यावरून वर लिहिलं, सहा होते, सहा काढले. त्याखाली त्याने सही केली. साकेतनी हरकत घेतली नाही.

घाटाचा दोर निघाला. भिवा अजून त्याच्याशी बोलत नाही. गणू रोज संध्याकाळी त्याच्या दारापर्यंत जातो, उभा राहतो आणि परत येतो.