डॉडचा पोलादी गुडघा

डॉड काउईला कुणी 'नको' म्हटलं की त्याला ती गोष्ट हवीच व्हायची. स्कॉटलंडमधल्या बकीच्या बंदरातला हा मासेमार. अकरा वर्षांपूर्वी जाळं ओढायच्या यंत्राच्या दोरात त्याचा डावा पाय अडकला आणि मांडीपासून गेला. आता तिथे पोलादी नळी आणि बिजागरीचा गुडघा आहे. समुद्र सुटला, हेका तेवढा सुटला नाही.

लेकीचं, कर्स्टनचं, लग्न जूनमध्ये ठरलं. एडिंबरोहून विहीणबाईंचा फोन आला. सगळ्या पुरुषांसाठी करड्या चौकडीचे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे चुणीदार स्कॉटिश घागरे, भाड्याने सांगितलेत, डॉडसाठी मात्र त्याच कापडाची विजार. "म्हणजे फोटो छान येतील," असं त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या.

"पोरीला वेदीपर्यंत मी नेणार की माझी विजार?" डॉड भडकला.

"चांगल्या मनाने म्हणाल्या त्या," बायको इझोबेल म्हणाली. "आणि खरं सांगू? लोक पोरीकडे बघायचं सोडून तुझ्या पायाकडे बघत बसतील."

झालं. शनिवारी सकाळी स्वारी किल्ट शिवणाऱ्या नेटा इनेसच्या दुकानात हजर. मागोमाग इझोबेल, तोंड फुगवून. भाड्याचा नकोच, स्वतःचा हवा. आठ वार लोकरीचा, हाताने शिवलेला.

नेटाने गठ्ठे उलगडले. तिकडे प्रत्येक घराण्याची चौकडी वेगळी. "कुठल्या घराण्याची चौकडी देऊ?"

"आमच्यात घराणी नसतात, होड्या असतात. तो निळा-हिरवा काढ. करडा सोडून काहीही चालेल."

नेटाने त्याला ताठ उभा केला. कंबर झाली, मग फीत खाली आली. किल्टची कड गुडघ्याच्या मधोमध यायची, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नेटाची फीत मात्र हळूच आणखी तीन बोटं खाली सरकली.

"ही कुठे निघाली?"

"बिजागरी झाकेल रे."

"आणि उजव्या गुडघ्याने काय पाप केलंय? म्हातारीचा झगा शिवतेयस का? वर घे."

"ऐक तर. लांब पायमोजा घालू, आत कापूस भरू. नाचलास तरी कुणाला कळायचं नाही तुला पाय नाही ते."

डॉडने तोंड उघडलं, पण आवाज आला तो इझोबेलचा. कालपासून ती हेच तर म्हणत होती. पण परक्या तोंडून ऐकल्यावर तिला ते भलतंच झोंबलं.

"का कळू नये? चोरून आणलाय का पाय? पहिल्यांदा त्यावर हा पलंगापासून दारापर्यंत आला, तेव्हा मी त्याच्यापुढे उलट्या पावली चालत होते. आठ पावलांना सहा महिने लागले, नेटा. ते कापसात गुंडाळू?"

नेटाची फीत अजून तिथेच.

"मधोमध," इझोबेल म्हणाली. "सूतभरही खाली नको."

डॉड बायकोकडे बघतच राहिला. त्याचं भांडण आजवर कुणी असं हातातून काढून घेतलं नव्हतं.

नेटाने फीत वर घेऊन माप लिहिलं. "बरं, पायमोजे? पांढरी जोडी की—"

"जोडी कशाला? एक दे. पोलादाला थंडी वाजत नाही." इझोबेलने पर्समधून फोन काढला. "आणि विहीणबाईंशी तू बोलू नकोस, डॉड. तू फारच नरम बोलतोस."