खंडोबा इलेव्हनचे नऊ गडी

दोह्यातल्या बेसबॉल लीगच्या अगदी तळाच्या गटात खंडोबा इलेव्हन नावाचा संघ होता आणि त्यात गडी होते नऊ. बेसबॉलला नऊच लागतात. पण नाव नोंदवायच्या दिवशी पोपटराव म्हणाले, "टीम म्हटली की इलेव्हन. नऊ जणांची कुठं टीम असती व्हय?" लीगच्या माणसानं हात जोडून समजावलं. पोपटरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इलेव्हनच लिहायला लावलं. जतकडचा माणूस. एकदा बोललेला शब्द माघारी घेणं म्हणजे थुंकलेलं चाटणं, अशी त्यांची समजूत.

पोपटराव परांची बांधणाऱ्या टोळीचे फोरमन. वर्ल्डकपची स्टेडियमं जगानं फोटोत पाहिली, पण ती ज्या परांचीवर उभं राहून बांधली तिचा फोटो कुणी पाहिलाय? इमारत देखणी झाली की पहिल्यांदा सोडतात ती परांची, आणि तिच्या मागोमाग ती बांधणारा माणूस. पोपटरावांना हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून ते जिथं जात तिथं आधी भांडून घेत. एकदा पिण्याचं पाणी चहासारखं गरम आलं. त्यांनी तो जार खांद्यावर टाकला, इंजिनिअरच्या गारेगार केबिनमध्ये टेबलावर आदळला आणि म्हणाले, "घ्या साहेब, साखर तेवढी तुमची." दुपारपर्यंत बर्फ आला. पण तापलेला तवा कुणी हातात फार वेळ धरत नाही. कंपनी त्यांना या साईटवरून त्या साईटवर ढकलत राहिली.

बेसबॉल आला तोही भांडणातूनच. इंडस्ट्रियल एरियातल्या त्यांच्या राहायच्या कॅम्पामागं क्रिकेटचं मैदान होतं. मैदान म्हणजे खडी. एका आठवड्यात तिथं पाईप येऊन पडले आणि शिल्लक राहिला दोन भिंतींमधला कोपरा. पोपटराव कॅम्प बॉसकडं गेले. तो म्हणाला, "इधर अब क्रिकेट कैसे होगा? वो जगा भी पाईप को दे देंगे."

तेव्हा सदानंद मध्ये पडला. सदानंद नाशिकचा, कंपनीत सेफ्टी ऑफिसर, बायको-मुलीसह अल हिलालला फ्लॅटमध्ये राहणारा. कॉलेजात तो खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून सॉफ्टबॉल खेळला होता. गुण मिळाले आणि खेळ अंगात तसाच राहिला. तो म्हणाला, "पोपटराव, क्रिकेटला चारी दिशा लागतात. बेसबॉलला कोपरा पुरतो. एका कोपऱ्यात उभं राहायचं आणि समोर मारायचं."

"मग आणा बेसबॉल."

"तुम्ही पाहिलाय का कधी?"

"बघायचं काय त्यात? जागा वाचती न्हवं?"

दुखानच्या तेलक्षेत्रातला एक अमेरिकन इंजिनिअर कायमचा घरी निघाला होता. सदानंद त्याच्याकडून दोन बॅटी, पोतंभर हातमोजे आणि चेंडू घेऊन आला. बाहेरचे पाहुणे कॅम्प बघायला आले की कॅम्प बॉस त्यांना तो कोपरा दाखवू लागला. 'स्पोर्ट्स फॅसिलिटी' म्हणायचा. अट एकच: संघ लीगमध्ये असेल तोवर कोपरा तुमचा, संघ गेला की पाईप आत.

तर असा हा संघ. क्षेत्ररक्षण म्हणाल तर आख्ख्या गटात एक नंबर. खालून फेकलेला परांचीचा लोखंडी क्लॅम्प वरच्या वर झेलणारे हात ते. (सेफ्टीच्या नियमात क्लॅम्प फेकायला सक्त मनाई होती, म्हणून सदानंद या गुणाचं कौतुक दुसरीकडं बघत करायचा.) किसन, कंपनीची बस चालवणारा पोपटरावांचा गाववाला, चेंडू टाकायचा तोही सरळ आणि झणझणीत. घोडं अडायचं बॅटीपाशी.

बेसबॉलमध्ये पिचरनं टाकलेला चेंडू ठरलेल्या पट्ट्यात नसेल तर बॅटरनं तो सोडायचा असतो. असे चार वाकडे चेंडू सोडले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. सदानंदनं हे शंभरदा सांगितलं. पण आयुष्यभर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळलेल्या माणसांना सोडणं ठाऊकच नव्हतं. डोक्यावरून गेला तरी मार, पायात आला तरी मार. षटकं थोडी आणि खेळणारे फार, तिथं चेंडू सोडणारा माणूस पुढच्या शुक्रवारी टीममध्ये नसतो! पोपटराव तर एकदा मागं पकडणाऱ्याच्या हातमोज्यातला चेंडू मारायला निघाले होते.

"पोपटराव, लीव्ह इट! सोडा!"

"सोडायचा व्हता तर त्यानं टाकला कशाला?"

पहिला मोसम सगळा हरले. दुसराही. मग कोरोनात मैदानंच बंद झाली आणि त्या वर्षी खंडोबा इलेव्हन एकही सामना हरली नाही. हे पोपटराव छाती काढून सांगायचे. तिसऱ्या मोसमात, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एकच सामना उरला तेव्हा लीगनं कळवलं: तीन मोसमांत एकही विजय नसलेला संघ बाद होईल. म्हणजे हा शेवटचा जिंकला नाही तर टीम गेली, कोपरा गेला. आणि शुक्रवार? आठवड्यातली ती एक दुपार, जेव्हा माणूस कुणाचा फोरमन नसतो, कुणाचा हेल्पर नसतो, नुसता मोकळा ओरडू शकतो. ती गेली की मग बंकवर पडून छताला बघायचं. ज्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते त्यांनी सहा माणसांच्या खोलीत एक शुक्रवार काढून बघावा.

सामना होता मुशैरिबच्या हॉटेलात काम करणाऱ्या फिलिपिनो पोरांशी. तारीख दसऱ्यानंतरच्या शुक्रवारची. म्हणून गुरुवारी, खंडेनवमीला, पोपटराव निर्धास्त होते. अडचण निराळीच होती. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, पण पाने, हातोड्या, कप्प्या सगळं साईटवर कुलपात. कंपनी एक खिळा बाहेर सोडत नाही. मग पुजायचं काय? खोलीत हत्यार म्हणावं असं होतं तरी काय? कांदा चिरायची सुरी, आणि दोन बॅटी.

पोपटरावांनी बॅटी धुतल्या, पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं. व्हिडिओ कॉलवर केसरबाईंना दर्शन घडवलं. केसरबाई म्हणजे त्यांची बायको. गावी राहून नवऱ्याचा कतारमधला संसार फोनवरून हाकणारी. तिनं पदर सावरून नमस्कार केला.

इतक्यात सदानंद धापा टाकत आला. "पोपटराव, ग्रुपवर मेसेज पाहिला नाही? पुढच्या शुक्रवारी त्यांच्या हॉटेलात मोठी पार्टी आहे, सुट्टी नाही कुणाला. मॅच उद्यावर घेतलीय. मी हो म्हणालो."

सगळे पाटाकडं बघू लागले. पोपटरावांच्या घरचा नेम होता: पुजलेलं हत्यार दसऱ्याचा दिवस मावळेपर्यंत चालवायचं नाही. त्यांच्या वडलांनी त्या दिवशी कधी खुरपंसुद्धा उचललं नव्हतं.

"हो म्हनला?" पोपटराव उठले. "कुनाला इचारून? आज नवमी, उद्या दसरा, हे काय तुमच्या नाशकात सांगत न्हाईत?"

"अहो, पण बॅटची कुणी पूजा करतं का!"

"मंग काय तुमच्या लॅपटॉपची करू?"

किसन हळूच पोपटरावांना म्हणाला, "नाना, त्यांच्याच बॅटी मागून घेऊ."

"मागून? मागितलेल्या बॅटीनं जिंकलो तर म्हनतील बॅट जिंकली. हरलो तर म्हनतील बॅट देऊन बी हरले."

फोन अजून चालूच होता. पाटाशेजारी उभ्या केलेल्या मोबाइलमधून केसरबाईंचा आवाज आला, "अवो, जरा ऐकता का? दसऱ्याला तलवार मिरवत न्हाईत व्हय? हातात धरायला कुनी न्हाई म्हनलंय? धरा. पर मारू नगा."

"न मारता बॅट धरून काय करू? आरती ओवाळू?"

"ते मला काय ठावं? खेळ तुमचा."

शुक्रवारी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाल्यावर कॅम्पामागच्या त्याच कोपऱ्यात सामना सुरू झाला. अम्पायर होता खलील, केरळचा ट्रेलर ड्रायव्हर, ज्याच्यापुढं पिचरची काय, पोलिसाचीही बडबड चालत नसे. खंडोबा इलेव्हनचा पहिला गडी बॅट खांद्यावर धरून उभा राहिला. बॅटीवर कुंकवाची बोटं, दांड्याला झेंडूचं फूल. फिलिपिनो पिचर रोमेल त्याच्याकडं बघून हसला आणि नेहमीसारखा बाहेरचा चेंडू टाकला.

या संघाला सरळ चेंडू टाकायची गरजच नव्हती ना! आजवर रोमेल त्यांना हातभर बाहेर टाकायचा आणि ही मंडळी उड्या मारून हवेत बॅट फिरवायची. गडी हलला नाही. दुसरा बाहेर, गडी हलला नाही. चौथ्याला खलीलनं हात दाखवला, "जाओ, पहला बेस."

गडी घाबरला. "खरंच जाऊ?"

सदानंदनं डोक्याला हात लावला. मग एकदम उडी मारली. "अरे, हेच! हेच मी तीन वर्षं बोंबलतोय! कोणी मारू नका! दसरा आहे, दसरा!"

मग काय, एकेक जण देवाला बसल्यागत उभा राहू लागला. रोमेलनं सरळ टाकायचा प्रयत्न केला तर चेंडू वर जाई. जोर कमी केला तर खाली आपटे. मोडलेली सवय घटकाभरात थोडीच लागते? पट्ट्यातले तीन चेंडू सोडून काही बाद झाले, काही फुकटात पुढं सरकले. इकडं किसननं त्यांना बांधून ठेवलं होतं. पोपटराव मात्र बेजार. दोनदा त्यांचे हात शिवशिवले, दोनदा त्यांनी दातओठ खाऊन खंडोबाचं नाव घेतलं. एकदा तर चेंडू इतका रसाळ आला की त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं.

शेवटचा डाव आला. धावा बरोबरीत. तिन्ही बेसवर खंडोबाचे गडी, तिसऱ्यावर किसन, आणि बॅट घेऊन पोपटराव. एक धाव आली की विजय.

रोमेल घामानं निथळत होता. त्यानं सगळा जोर लावून चेंडू सोडला. चेंडू आत वळला. पोपटरावांनी पाठ फिरवली आणि माणूस जे टेकून बसतो नेमका तिथं तो बसला. आवाज पाईपांपर्यंत गेला.

मग किसन नाचत घराच्या बेसवर आला आणि टीम ओरडत आत धावली, कारण चेंडू अंगाला लागला की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो आणि बेस भरलेले असले की तिसऱ्यावरचा घरच्या बेसवर येऊन धाव मिळते. पण पोपटराव पहिल्या बेसकडं निघालेच नव्हते. ते बॅट हातात घेऊन सरळ रोमेलकडं निघाले होते.

"मुद्दाम! मुद्दाम मारलंस! माझ्या बापानं मला तिथं मारलं न्हाई कधी!"

"सॉरी, बॉस! सॉरी!" रोमेल मागं सरकत होता.

खलील आडवा आला. "भाई, सुनो. पहले बेस को पाँव लगाओ, तब रन. इसको हाथ लगाया तो तुम बाहर, रन खलास."

"रन ऱ्हाऊ दे! आधी ह्याला..."

"नाना!" किसन ओरडला. "नाना, बेस!"

"पोपटराव, प्लीज! कोपरा!" सदानंदचा आवाज चिरकला.

पोपटराव थबकले. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाची आगळीक गिळली नव्हती. इंजिनिअरची नाही, बॉसची नाही. त्यापायी दोन नोकऱ्या गेल्या, एक बढती गेली. त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, कारण गेलं ते स्वतःचं होतं. आता मागं आठ जण श्वास रोखून उभे होते आणि उजवीकडं, खडीत, पहिला बेस होता.

ते वळले. पण तोंड रोमेलकडंच ठेवून. उलटे, लंगडत, एक हात मागं चोळत आणि दुसऱ्या हातात कुंकवाची बॅट धरून ते बेसकडं सरकू लागले. तोंडानं जतकडच्या अशा शिव्या चालू होत्या की बाजूला उभ्या दोन सोलापुरी गड्यांनी कौतुकानं मान डोलवली. उलटं चालताना बेस चुकतोय असं वाटून आख्खी टीम ओरडत होती, "डावीकडं! न्हाई, उजवीकडं! मागं, नाना, मागं!" शेवटी टाच बेसवर पडली आणि पोपटराव त्याच्यावरच धपकन बसले. आणि तितक्याच झटक्यात ओरडून उठले.

खलीलनं हात वर केला. "खलास! जीत गए!"

रात्रीचं जेवण पोपटराव उभ्यानंच जेवले. रोमेलनं हॉटेलातून बर्फाची पिशवी पाठवली होती. पोपटरावांनी ती घेतली, पण "माफ केलेलं न्हाई" असा निरोप पाठवला. सदानंद त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला. त्याचे डोळे चमकत होते.

"पोपटराव, आपल्याला सिस्टिम सापडली! पुढच्या मोसमात हेच करायचं. कोणी बॅट फिरवायची नाही. गटात वर जाऊ आपण!"

पोपटरावांनी घास थांबवला. "म्हंजी रोज हुबं ऱ्हायचं? खांबागत?"

"जिंकायचं नाही का?"

"कोपरा वाचवायला जिंकायचं व्हतं. वाचला. आता तीन मोसम बिनघोर हाय." ते टीमकडं वळले. "दसरा मावळला का रे?"

"केव्हाच, नाना."

"मंग उद्यापासनं प्रॅक्टिस. दिसंल तो चेंडू मारायचा."

टीम टेबलं बडवू लागली. सदानंदनं डोकं धरलं. पोपटरावांनी बर्फाची पिशवी जागेवर नीट लावली आणि आणखी भात मागितला.