मुकी घंटा

बसू द्या हो जरा. घंटा वाजवून आलोय. चार पायऱ्या चढायच्या, दोर ओढायचा, चार पायऱ्या उतरायच्या. एवढ्यात जीव जातो आता. चहा ओता, साखर जास्ती. आणि ते नेहमीचं विचारू नका, की मिस्त्री, या वयात ही घंटा तुम्हीच का वाजवता?

विचारलंत? विचारलंतच! मग ऐका. गाढवपणे जन्मात पुष्कळ केले, पण ज्याची सजा अजून भोगतोय असा हा एकच.

गोष्ट पोलीस ॲक्शन झालं तेव्हाची. निजामाचं राज्य गेलं, फौज शहरात आली. नाक्यानाक्यावर जवान. हत्यारं जमा करा म्हणून रोज भोंगा फिरायचा. आणि अफवा तर विचारू नका! सकाळी सुलतान बाजारात कुणी शिंकलं, की दुपारपर्यंत अंबरपेठेत त्याचं मयत निघालेलं असायचं. झोप नाही, धंदा नाही. माणसं नुसती थकून गेलेली.

आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी म्हणजे वीसेक घरं. जालना-परभणीकडनं पोटापाठी इकडं आलेली. बाजारामागच्या गल्लीत आमचं कौलारू देऊळ. हौ, देऊळच म्हणायचो आम्ही. पुढं अंगणात चार पायऱ्यांचा ओटा, त्यावर लाकडी चौकट, चौकटीला घंटा. चौकट माझ्याच हातची, मी सुतार.

एका रविवारी आमचे पाद्री, पाळकसाहेब, उभे राहिले. काटकुळे, शांत माणूस. म्हणाले, "या शहराला हत्यारांनी पोळलं नाही तेवढं जिभांनी पोळलंय. त्यात आपल्याही जिभा आल्या. येत्या शुक्रवारी सगळ्यांनी मिळून उपास आणि मौन करू. सकाळी सातची घंटा झाली की तोंड बंद. चारची घंटा झाली की उघडायचं. मधे माझ्यासकट कुणी शब्द काढायचा नाही. वाचलेले तांदूळ शाळेत येऊन पडलेल्या बेघर लोकांना द्यायचे."

सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

का बघितलं? ते पण सांगतो. चार महिने मला प्रभुभोजनाला, म्हणजे देवळातल्या मेजाशी भाकर अन् द्राक्षरस घ्यायला, बसायची बंदी होती. कारण काय, तर लांबलचक प्रार्थनेत सगळे डोळे मिटून बसलेले, मी बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला एका सुतळीनं बांधल्या. आता मला काय ठाऊक, याकोब मास्तर सगळ्यांत आधी घाईनं निघतील आणि तोंडावर पडतील म्हणून! मास्तरांचा हात महिनाभर गळ्यात. मास्तर म्हणजे मंडळीचे वडील, कारभार बघणारे पंच म्हणा, शाळेत गणित शिकवायचे, आणि घंटा त्यांच्याकडं.

बंदीचं मला काही नव्हतं हो. पण शांता, माझी बायको, दर वेळी मेजाला एकटी जायची. एकटी गुडघे टेकायची. शेजारी माझी जागा रिकामी ठेवायची, कुणाला बसू द्यायची नाही. परत येताना माझ्याकडं बघायची पण नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. "दानिएल, हा एक दिवस सगळ्यांबरोबर पाळ. पाळलास तर रविवारी मेजाला ये."

"आणि नाही पाळला तर?"

"तर नाताळानंतर बघू."

मास्तर मागून बोललेच, "साहेब, हा? हा झोपेत पण बडबडतो. शांताबाईंना विचारा!"

घरी शांता एवढंच म्हणाली, "एक दिवस. माझ्यासाठी."

पाळायचं ठरवलं मी. शप्पथ! पण बघा, न बोलायचं कबूल केलेलं. हात बांधून ठेवायचं कोण म्हणालं होतं?

शुक्रवारी सातची घंटा झाली. सतरंजीवर एकीकडं बाया, एकीकडं गडी. प्रार्थना मनात. पाणीसुद्धा नाही. दहा वाजेपर्यंत बरं चाललं. अकराला पोटात कावळे ओरडायला लागले, तेवढाच काय तो देवळात आवाज. मास्तर समोर बसलेले, नजर माझ्या ओठांवर. मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसे. दुपारी माझ्या हाताला खाज सुटली.

लघवीच्या निमित्तानं मागं गेलो. येताना ओट्यावर चढलो आणि घंटेच्या पोटात जो लोखंडी लोळा लटकतो ना, जो आपटून आवाज होतो, तो हुकातनं हळूच काढला. आंब्याएवढा गोळा, वर वीतभर दांडी. चिंधीत गुंडाळून धोतराच्या कमरेला खोचला आणि येऊन बसलो, साळसूद.

म्हटलं, मास्तर दोर ओढतील, आवाज नाही, पाच मिनिटं त्यांची फजिती बघू. मग गर्दीत लोळा परत लावू. कुणाला कळतंय?

चार वाजले. मास्तर उठले, दोर ओढला. काही नाही. परत ओढला. घंटा हलतेय, पण मुकी! मास्तरांचा चेहरा असा झाला, जसं दोन अन् दोन तीन आले. दारात येऊन हातवारे करायला लागले, पण बोलणार कसे? घंटा झाली नव्हती ना! नियम म्हणजे नियम. पाळकसाहेबांना वाटलं, घड्याळ पुढं गेलं असेल. खुणेनं म्हणाले, बसा. मास्तर बसले. सगळी मंडळी तशीच बसली. मला हसू दाबता दाबता घाम फुटला.

आणि तेवढ्यात दारात बुटांचा आवाज.

चार जवान, पुढं एक मिशीवाला हवालदार. झडती घेत गल्लीतनं चाललेले. इतकी माणसं बंद घरात आणि चूं नाही, म्हणजे काहीतरी शिजतंय, असं कुणालाही वाटणार.

"कौन लोग हो? यहाँ क्या चल रहा है?"

सगळे गप्प.

हवालदारानं भिंतीवरची मराठी अक्षरं बघितली आणि त्याचा चेहरा फुलला. "आयला, मराठी माणसं! आवो, मी सातारचा! मराठी ऐकून महिना झाला. बोला की!"

सगळे गप्प. तो बिचारा एकेकाच्या तोंडाकडं बघतोय. "का? रागावलाय का आमच्यावर?"

पाळकसाहेबांना राहवलं नाही. त्यांनी तोंड उघडलं, आणि मास्तरांनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला! घंटा झाली नाही ना!

"असं होय!" हवालदाराची मिशी ताठ झाली. "म्हातारा सांगतोय तर तोंड दाबताय! घ्या रे सगळ्यांची झडती!"

आता माझी काय गत झाली असेल? बोललो तर मेज गेलं. लोळा काढून दाखवला तरी मेज गेलं. पलीकडं शांता. हलू तर कसा? जवानानं कमरेला हात घातला आणि ओरडला, "साब! लोहा है!"

चिंधी सोडली. गोळा, दांडी, तेलाचा वास. चारी जवान दोन पावलं मागं सरले. हवालदारानं तो असा हळूच जमिनीवर ठेवला, जसं तान्हं पोर.

"काय आहे हे?"

मी दारातनं बाहेर, वर बोट दाखवलं, ओट्यावरच्या घंटेकडं.

"छपरावर अजून आहेत?" दोन जवान धावले, कौलं फुटली.

मी दोन्ही हात हलवले, तोंडाचा चंबू करून, आवाज न काढता, टण्ण, टण्ण.

"फुटणार म्हणतोय! मागं व्हा, मागं व्हा!"

मग बंदूक माझ्या छातीला लागली. तुम्हाला वाटेल, आता तरी बोलला असेल. नाही हो! जन्मात पहिल्यांदा काहीतरी पाळत होतो, तेही नको तिथं.

तेव्हा शांता उठली. पदर खोचला. जवान "ए बाई, ए बाई" करतायत तोवर तिनं लोळा उचलला, ओट्यावर चढली आणि घंटेवर असा हाणला की गल्लीतली कबुतरं उडाली.

टण्ण!

मग ती वळली. "हवालदारदादा, हा बॉम्ब नाही. बॉम्ब तो तिथं बसलाय." आणि माझ्याकडं बोट.

वीस घरांची तोंडं एकदम उघडली. दिवसभराचं साठलेलं सगळं माझ्यावर! मास्तर तर गणित विसरून परभणीच्या शिव्यांवर आले. हवालदार हसून हसून पायरीवर बसला. डोळे पुसत म्हणाला, "पण हा बाबा तुमचाच ना? का घेऊन जाऊ?"

आणि बघा गंमत. परत सगळे गप्प! घंटा झाली होती हो आता. बोलायला काय हरकत होती? मास्तर कौलांकडं बघतायत, कुणी सतरंजीकडं. मी शांताकडं बघितलं. ती पण गप्प.

मी आपलं धोतर सावरून उठायला लागलो.

शेवटी पाळकसाहेबांनी कोरडा घसा खाकरला. थकलेल्या आवाजात म्हणाले, "आमचाच आहे. काय करता."

हवालदार आमच्याबरोबर पेज प्यायला बसला, पोटभर मराठी ऐकून गेला. रविवारी पाळकसाहेब मला म्हणाले, "तोंडानं पाळलंस, म्हणून ये. हातांनी मोडलंस, म्हणून आजपासून घंटा तुझ्याकडं." किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. ते गेले, मास्तर गेले, आता कुणाला विचारू?

लोळ्याला तेव्हापासून साखळी आहे, साखळीला कुलूप. घंटा हलायच्या आधी ते उघडावं लागतं, आणि चावी शांताच्या कमरेला. दर रविवारी पहाटे मी हात पुढं करतो. ती चावी ठेवते आणि म्हणते,

"वाजव. बोलू नकोस."