लिहून घेणारी

घटस्फोट झाला, पण शेगावच्या घराचं कर्ज दोघांच्या नावावर राहिलं. जुनी बँक नवऱ्याचं नाव काढायला तयार नव्हती. दुसरी बँक कर्ज आपल्याकडे घेऊन माझ्या एकटीच्या नावावर करायला राजी झाली, पण कागद मागत गेली. निकालाची झेरॉक्स दिली, तर कोर्टाची प्रमाणित प्रत आणा. आधारवर माहेरचं नाव आणि नोकरीत सासरचं, म्हणून प्रतिज्ञापत्र आणा. मी एसटीत कंडक्टर आहे. सुट्ट्या पैशांवरून भांडणारे रोज सांभाळते, कागदांचं काय! ड्युटी बदलून घेत सगळं जमवलं.

शेवटचा कागद मात्र माझ्या हातात नव्हता. घरातल्या त्याच्या अर्ध्या हिश्शाचं हक्कसोडपत्र. निकालात लिहिलेलं असलं तरी ते त्यालाच करून द्यायचं होतं. ते नाही तर कर्ज नाही, आणि कर्ज नाही तर घर विकणं आलं.

तो त्याच्या गावाहून, बीबीहून आला. साक्षीला माझी शेजारीण आणि माझ्या गाडीचा ड्रायव्हर, तो खाकीतच.

नोंदणी कार्यालयातल्या बाबूने विचारलं, "लिहून देणार कोण?" आणि उत्तराआधीच अंगठ्याचं मशीन माझ्यापुढे सरकवलं. त्याची तरी काय चूक? आमच्याकडे हक्क सोडायला बायाच येतात, भावासाठी. मीही एकदा येऊन गेले होते.

"लिहून देणार हे," मी म्हणाले. "मी घेणार."

बाबूने मान वर करून दोघांकडे पाहिलं. मशीन पलीकडे गेलं. नवऱ्याचा अंगठा मशीनवर अधांतरी.

"झालं का समाधान तुले?"

"पावती भेटली की होते."

"भाऊ," मागून ड्रायव्हर म्हणाला, "डबल बेल झाली. आता काऊन गाडी थांबवून राह्यले?"

बाबू हसला. तोही हसला, आणि अंगठा टेकला.

बँकेत साहेबांनी सगळे कागद पुन्हा तपासले. सहकर्जदाराचा रकाना कोरा पाहून म्हणाले, "मॅडम, वडील, भाऊ, कोणी?"

"पगार माझा आहे. हप्तेही पहिल्यापासून माझ्याच खात्यातून गेलेत. उतारा जोडलाय, पाहा."

त्यांनी पाहिला, आणि रकान्यावर रेघ मारली.

लोक कर्ज फिटल्यावर पेढे वाटतात. मी मिळाल्यावर वाटले, अख्ख्या डेपोत.