गारठामावशीची मिरची

गारठामावशी निवांत बसलेली मी फारशी पाहिलीच नाही. चहाचा कप घेऊन बसायची, अर्ध्यावर उठायची, आणि कप नंतर कुंपणापाशी सापडायचा. माझ्या आईची ही धाकटी बहीण मुरबाडकडे, घाटाच्या पायथ्याच्या गावात दिलेली. पौषात सगळं गाव शेकोटीला चिकटलेलं असताना ही अनवाणी परसात, मिरचीच्या झाडांपुढे उभी. गारठामावशी हे नाव आम्हा भावंडांनीच ठेवलं होतं, आणि तिला ते आवडायचंही.

थंडीत मिरचीची फुलं गळतात, फळ धरत नाही. मावशीला ते मान्य नव्हतं. भर गारठ्यात, उघड्यावर धरणारी मिरची तिला हवी होती. कडाक्याच्या सकाळी जे झाड फुलं सोडायचं नाही, त्याला ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि बी फक्त त्याचंच ठेवायची. "लाडाच्या झाडाचं बी मला नको," म्हणायची.

एका वर्षी ती चार दिवस किन्हवलीला माझ्याकडे आली, आणि तिकडे तिच्या यजमानांना, आमच्या काकांना, झाडांची दया आली. त्यांनी काठ्या रोवून सगळ्या झाडांवर पोती पांघरली. मावशी परतली तर झाडून सगळी फुलं जागच्या जागी. काका कौतुकाची वाट बघत उभे. मावशी या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिली.

"आता यातलं धीराचं कुठलं नि भित्रं कुठलं, कसं कळायचं मला?"

त्या वर्षी एकाही झाडाला चिंधी बांधली गेली नाही. काकांशी ती होळीपर्यंत धड बोलली नाही.

काका गेल्यावर मुलाने तिला आसनगावच्या फ्लॅटमध्ये आणलं. गॅलरीत कुंड्या होत्या, पण मावशीचं मन रमेना. गॅलरीतून दारात, दारातून गॅलरीत. "इथं गारठाच नाय गो. मिरची नुसती बसून खाते."

आमच्याकडे मिरची कुणाच्या हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायची, समोरच्याने उचलायची. मावशी हे कटाक्षाने पाळायची. पण गेल्या उन्हाळ्यात भेटायला गेले, तर तिने वाळलेल्या मिरच्या सरळ माझ्या मुठीत कोंबल्या.

"अगं मावशी, खाली ठेव ना!"

"नाय. होऊ दे भांडण. भांडायला तरी येशील." मग हळूच म्हणाली, "एवढंच बी उरलंय. परसात लाव. आणि पांघरू नको."

मी बी लावलं. रोपं तिला दाखवायची राहूनच गेली; पावसाळा संपता संपता मावशी गेली.

यंदा थंडी पडली तसं मला घरात चैन पडेना. एका सकाळी चहा अर्धा टाकून परसात गेले, तर नवरा काठ्या रोवून झाडांवर जुनी चादर घालायच्या बेतात.

"काढ ती!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण बाहेर आली.

"अगो, मरतील ना झाडं!"

"मरू दे!"

तो चादर तिथेच टाकून आत गेला. झाडांखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता. कुंपणालगतच्या एकाच झाडाने मात्र आपली फुलं धरून ठेवली होती. चादरीची चिंधी फाडून मी त्याला बांधली, आणि मला रडू आवरेना. भांडायचं ठरलं होतं ते मावशीशी.